योजनातील परमाणू : १०,८४,७०,४९,५६,१६,००० या संख्येचा विचार

बौद्ध संस्कृत वाङ्मयात 'ललितविस्तर' या ग्रंथाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत आकाराला आलेल्या या ग्रंथाचे चिनी भाषांतर धर्मरक्ष या भिक्षूने इ. स. ३०८ मध्ये केले. जावा बेटावरील बोरोबुदूर येथील १२० शिल्पपटांना याच परंपरेतील कथानकाचा आधार आहे. महाराष्ट्राचे विद्वान डॉ. प. ल. वैद्य यांनी १९५८ साली दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठातर्फे याची संस्कृत आवृत्ती संपादित केली. ग्रंथाचे स्वरूप काव्यमय आणि अद्भुतप्रचुर आहे. त्याला इतिहास समजून वाचू नये, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि त्याच्या बाराव्या परिवर्तात, म्हणजे 'शिल्पसंदर्शन' या प्रकरणात, एक भाग असा आहे की जो हाती कागद-पेन्सिल घेऊनच वाचावा लागतो.

वर्षावासातील आमच्या अभ्यासवर्गात या भागाची चर्चा निघाली ती एका छोट्या पुस्तिकेमुळे. प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एका उपासिकाताईंनी ती आणली होती. एका योजनात किती परमाणू मावतात याची संख्या तीत छापलेली होती, आणि त्याखाली असे विधान होते की, आधुनिक विज्ञानाने विसाव्या शतकात मोजलेला अणूचा आकार बौद्ध ग्रंथांनी दोन हजार वर्षांपूर्वीच अचूक सांगून ठेवला आहे. ताईंनी विचारले, "भन्तेजी, ही संख्या बरोबर आहे हे ठरवायचे कसे? आणि ती बरोबर असली तर खालचे वाक्यही खरे मानायचे का?" हे प्रश्न दोन आहेत व त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत. प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार करू.

प्रथम प्रसंग पाहू. शाक्य दंडपाणी आपली कन्या गोपा हिचा विवाह शिल्पांत निपुण नसलेल्या कुमाराशी करून देण्यास तयार नाही. (पूज्य बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दंडपाणीच्या कन्येचे नाव यशोधरा आहे, परंपरांतील हा भेद ध्यानात ठेवावा.) म्हणून शाक्यकुमारांची परीक्षा होते. गणनेचा परीक्षक आहे अर्जुन नावाचा गणकमहामात्र. तो बोधिसत्त्वाला विचारतो की, कोटीच्या पुढची शतोत्तर गणना तुम्हाला ठाऊक आहे काय? बोधिसत्त्व ती सांगतो. शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, शंभर नियुतांचे एक कंकर, शंभर कंकरांचे एक विवर, शंभर विवरांचे एक अक्षोभ्य. याप्रमाणे प्रत्येक पायरीला शंभराने गुणीत तेविसाव्या पायरीवर 'तल्लक्षण' येते. कोटीत एकावर सात शून्ये असतात. प्रत्येक पायरी त्यांत दोन शून्यांची भर घालते. म्हणून तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. ग्रंथ तेथेही थांबत नाही, पण आपल्याला त्याच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

यानंतर अर्जुन परमाणुरजाची गणना विचारतो आणि बोधिसत्त्व मापांची एक शिडी मांडतो. सात परमाणुरजांचा एक अणू (काही पाठांत रेणू), सात अणूंची एक त्रुटी, सात त्रुटींचे एक वातायनरज, म्हणजे झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा धूलिकण. सात वातायनरजांचे एक शशरज, सात शशरजांचे एक एडकरज, सात एडकरजांचे एक गोरज. ससा, मेंढा आणि गाय यांच्यावरून ही नावे पडली आहेत. सात गोरजांची एक लिक्षा, सात लिक्षांचा एक सर्षप, सात सर्षपांचा एक यव, सात यवांचे एक अंगुलीपर्व. येथे सातांची शिडी संपते. पुढे बारा अंगुलीपर्वांची वितस्ती, दोन वितस्तींचा हस्त, चार हस्तांचे धनू, हजार धनूंचा क्रोश आणि चार क्रोशांचे योजन.

ही नावे मराठी वाचकाला परकी वाटू नयेत. लिक्षा म्हणजे आपली लीख, सर्षप म्हणजे मोहरी, यव म्हणजे जव, अंगुलीपर्व म्हणजे बोटाचे पेर, वितस्ती म्हणजे वीत, हस्त म्हणजे हात, क्रोश म्हणजे कोस. विटी-दांडूचा डाव विती-हातांनी मोजणारे मूल आणि 'अमुक गाव दोन कोसांवर' म्हणणारी आजी याच शिडीच्या वरच्या पायऱ्या वापरीत आली आहेत.

आता गणित करू. अंगुलीपर्वापर्यंत सात-सातच्या दहा पायऱ्या आहेत. सातला सातने गुणीत गेल्यास एका लिखेत ८,२३,५४३ परमाणू येतात, मोहरीत ५७,६४,८०१, जवात ४,०३,५३,६०७ आणि बोटाच्या एका पेरात २८,२४,७५,२४९. हा सातचा दहावा घात होय. योजनात पेरे किती? १२ × २ × ४ × १,००० × ४ म्हणजे ३,८४,०००. दोहोंचा गुणाकार केला की आपल्याला हवी ती संख्या मिळते :

१०,८४,७०,४९,५६,१६,०००

ही संख्या आपण स्वल्पविराम देऊन ज्या रीतीने लिहितो ती रीत पाहण्यासारखी आहे. शेवटची तीन स्थाने सोडली की आपण अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या पाडतो. शंभर-शंभरच्या पायऱ्यांनी चढणाऱ्या शतोत्तर गणनेतही नेमक्या याच जोड्या पडतात. म्हणून स्वल्पविरामांवर बोट ठेवून ही संख्या ललितविस्तराच्या भाषेत जशीच्या तशी वाचता येते : १० कंकर, ८४ नियुत, ७० अयुत, ४९ कोटी, ५६ लक्ष, १६ सहस्र. तीन-तीन अंकांचे गट पाडणाऱ्या पाश्चात्त्य पद्धतीत हे वाचन असे सहज साधत नाही.

यानंतर संख्येची मूळ अवयवांत फोड करू. सातचा दहावा घात तर उघडच आहे. पेरांची संख्या ३,८४,००० फोडली असता दोनचा दहावा घात, एक तीन आणि पाचचा तिसरा घात मिळतो. म्हणजे संपूर्ण संख्येत दोन दहा वेळा, तीन एकदा, पाच तीन वेळा आणि सात दहा वेळा; पाचवी मूळ संख्या तीत नाही. दोन आणि सात यांचे घात योगायोगाने सारखे पडल्यामुळे ती आणखी आटोपशीर लिहिता येते : चौदाचा दहावा घात, गुणिले ३७५. पंधरा अंकी संख्या एवढ्या चार शब्दांत मावते आणि मुखोद्गतही होते.

या फोडीवरून पुष्कळ गोष्टी भागाकार न करताच कळतात. संख्येच्या शेवटी तीनच शून्ये का आहेत? शून्य तयार होण्यास एक दोन आणि एक पाच लागतो; दोन दहा आहेत, पण पाच तीनच. अंकांची बेरीज ५१ येते, म्हणजे तीनने भाग जातो, नवाने जात नाही, कारण तीन एकदाच आहे. संख्या पूर्ण वर्ग नाही. तिला १५ ने गुणले तर मात्र ती ४,०३,३६,८०० चा वर्ग होते. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या किती, याचे उत्तरही प्रत्येक घातात एक मिळवून गुणाकार केल्याने मिळते : ११ × २ × ४ × ११ म्हणजे ९६८. अणूपासून योजनापर्यंतची पंधराही मापे या ९६८ विभाजकांत बसलेली आहेत.

परंतु या फोडीचा खरा उपयोग ताईंच्या पहिल्या प्रश्नासाठी आहे. ज्या संख्येत सात दहा वेळा आहे तिला ४९ ने भाग जाणारच. आता समजा, नक्कल करणाऱ्याने किंवा खिळे जुळविणाऱ्याने एक अंक चुकविला. चुकीमुळे संख्येत पडणारा फरक हा एक ते नऊ यांपैकी कोणता तरी अंक आणि त्यापुढे काही शून्ये एवढाच असतो. अशा फरकाला ४९ ने कधीही भाग जाऊ शकत नाही, कारण शून्यांत सात नाही आणि एका अंकात दोन सात मावत नाहीत. (केवळ सातने तपासल्यास शून्याचा सात झाला किंवा एकाचा आठ झाला तर चूक निसटेल, म्हणून ४९ घ्यावयाचे.) शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर पडणारा फरक त्या अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट आणि पुढे शून्ये, एवढा असतो, त्यालाही ४९ ने भाग जात नाही. सारांश, एका अंकाची चूक असो वा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल असो, ४९ चा भागाकार ती पकडतोच पकडतो.

पोथ्या मात्र अंकांत नव्हे, शब्दांत लिहिल्या जात. तेथे एखादे पदच्या पद गळण्याचा संभव अधिक. आपल्या सहा पदांकडे पाहावे : १०, ८४, ७०, ४९, ५६, १६. यांतील मधली चारही पदे सातच्या पाढ्यातील आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, पण तपासनिसाला तो गैरसोयीचा आहे. '७० अयुत' हे पद गळाले तरी उरलेल्या संख्येला सातने भाग जाईल, ४९ ने मात्र जाणार नाही. आणि '४९ कोटी' हे पद गळाले तर ४९ चा भागाकारही फसवील. तेथे सातचा तिसरा घात, म्हणजे ३४३, हाती घ्यावा लागतो. मनात येईल ती संख्या लिहिली आणि तिला सातच्या दहाव्या घाताने नि:शेष भाग गेला, असे घडण्याची शक्यता अठ्ठावीस कोटींत एक एवढीच आहे.

वर्गातच ताईंनी पुस्तिकेतील संख्या फळ्यावर लिहिली : १०,८४,७०,४९,५६,६१,०००. सातने भागून पाहिले. बाकी ४ उरली. सोळा हजारांचे एकसष्ट हजार झाले होते. मुद्रणदोष क्षुल्लक खरा, परंतु पुस्तिकेची ही तिसरी आवृत्ती होती आणि वर्गातील कित्येकांनी ती संख्या वहीत उतरवून घेतलेली होती.

येथे एका तरुणाने विचारले की, मूळ ग्रंथात काय आहे? प्रश्न योग्य होता आणि उत्तर थोडे अडचणीचे. अर्जुन पुढे विचारतो की, योजनपिंडात परमाणुरज किती? बोधिसत्त्वाच्या मुखी जे उत्तर घातले आहे ते छापील संस्कृत पाठात अक्षोभ्य-नयुतापासून सुरू होते आणि बारा सहस्रांवर संपते. अक्षोभ्य म्हणजे एकावर सतरा शून्ये. एक अक्षोभ्यच आपल्या संख्येच्या नऊशेपटींहून मोठे आहे. म्हणजे ग्रंथानेच दिलेली शिडी आणि ग्रंथानेच दिलेले उत्तर एकमेकांशी जुळत नाहीत.

'पिंड' या शब्दावर बोट ठेवून काही जण म्हणतील की, येथे लांबी नव्हे, घनफळ अभिप्रेत असेल. ही शंकाही तपासता येते. योजनाचा घन करावयाचा तर आपल्या संख्येचा तिसरा घात घ्यावा लागेल. तो त्रेचाळीस अंकी, शतोत्तर गणनेत बारा निरवद्यांहून थोडा अधिक भरतो. तल्लक्षणाच्या आत तो सहज बसतो. पण मूळ संख्येत पाच तीन वेळा आहे, म्हणून तिच्या घनात तो नऊ वेळा येईल आणि घनाच्या शेवटी नऊ शून्ये येतील. बारा सहस्रांवर संपणाऱ्या संख्येत शेवटी तीनच शून्ये असतात. तेव्हा ग्रंथातील उत्तर योजनाच्या लांबीचे नाही, तसेच त्याच्या घनाचेही नाही. शतकानुशतके नकला होत असताना पदे विसकटली असावीत, हे मला सर्वांत संभवनीय वाटते.

तो तरुण थोडा अस्वस्थ झाला. बोधिसत्त्वाने दिलेले उत्तर चूक म्हणायचे काय, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. मी त्याला एवढेच म्हटले की, केवळ पिटकात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. शिडी आपल्यापुढे आहे, गुणाकार आपल्याला येतो; उत्तर पोथीत शोधण्याऐवजी शिडीवरून काढावे.

आता दुसरा प्रश्न. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ४५ सेंटिमीटर धरले, तर पेर पावणेदोन-दोन सेंटिमीटरचे आणि योजन सुमारे ७.२ किलोमीटरचे होते. या हिशेबाने एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १५ कोटी परमाणू ओळीने बसतात. आधुनिक भौतिकशास्त्राप्रमाणे हायड्रोजनचे अणू एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १० कोटी बसतील. आकडे जवळ आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पुस्तिकेतील विधान बहुधा याच साम्यावरून आले असावे.

परंतु हा एकच बौद्ध हिशेब नाही. आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'तही सातांची शिडी आहे. पण तीत परमाणूनंतर अणू, लोहरज, जलरज, शशरज, अविरज, गोरज, छिद्ररज, लिक्षा, यूका, यव आणि अंगुलीपर्व असे अकरा टप्पे आहेत. लिक्षेनंतर मोहरीऐवजी यूका, म्हणजे आपली ऊ, येते. वरची मापे निराळी आहेत : चोवीस अंगुलींचा हात, चार हातांचे धनू, पाचशे धनूंचा क्रोश, आठ क्रोशांचे योजन. गुणाकार करून पाहा. पेरे पुन्हा ३,८४,०००च येतात. क्रोश निम्मा केला आणि संख्या दुप्पट केली, योजन तेवढेच राहिले. त्यामुळे कोशाची संख्या आपल्या संख्येच्या बरोबर सातपट आहे : ७५,९२,९३,४६,९३,१२,०००. एका सेंटिमीटरमध्ये या हिशेबाने १०५ कोटी परमाणू येतात.

स्थविरवादी अट्ठकथांची परंपरा तर आणखी वेगळी आहे. छत्तीस परमाणूंचा एक अणू, छत्तीस अणूंची तज्जारी, छत्तीस तज्जारींचा रथरेणू, छत्तीस रथरेणूंची लिक्खा. त्यानंतर सात लिक्खांची ऊका, सात ऊकांचा धञ्ञमास, म्हणजे धान्याचा एक दाणा, आणि सात धञ्ञमासांचे अंगुल. बारा अंगुलांची विदत्थि, दोन विदत्थींचे रतन, सात रतनांची यट्ठि, वीस यट्ठींचे उसभ, ऐंशी उसभांचे गावुत, चार गावुतांचे योजन. येथे संख्या येते ६१,९४,३१,६३,१२,५७,६००, आणि सेंटिमीटरमध्ये परमाणू सुमारे ३१ कोटी.

तीन परंपरांचे तीन आकडे : १५ कोटी, १०५ कोटी, ३१ कोटी. यांपैकी सोयीचा एक निवडायचा, उरलेले दोन झाकून ठेवायचे आणि 'अचूक' म्हणायचे, याला शास्त्र म्हणता येणार नाही. प्राचीन आचार्यांजवळ अणू मोजण्याचे साधन नव्हते आणि तसा दावाही त्यांनी केलेला नाही. झरोक्यातील धूलिकण डोळ्यांना दिसतो; त्याच्या खालच्या पायऱ्या अनुमानाच्या आहेत. शिवाय त्यांचा परमाणू म्हणजे ज्याला भागच नाहीत असा अंतिम कण. रसायनशास्त्राचा अणू तसा नाही. त्याला केंद्रक आहे, इलेक्ट्रॉन आहेत. निरवयव कण असू शकतो काय, याविषयी स्वतः वसुबंधूंनीच 'विंशतिका' या ग्रंथात आक्षेप घेतला आहे. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू भिडले तर त्याला सहा बाजू माना, म्हणजेच त्याला भाग आहेत असे म्हणा. बाजू नसतील तर सर्व एकाच जागी सामावतील आणि पिंडाला आकारच उरणार नाही. ज्या आचार्यांनी परमाणूचे कोष्टक दिले त्यांनीच पुढे परमाणूची अशी उलटतपासणी घेतली, याचे महत्त्व मला आकारातील त्या योगायोगी साम्यापेक्षा कितीतरी अधिक वाटते.

पुढील रविवारी ताई वहीत तिन्ही संख्यांची फोड करून घेऊन आल्या. पहिलीत सात दहा वेळा आहे, दुसरीत अकरा वेळा. तिसरीत दोन एकोणीस वेळा, तीन नऊ वेळा, पाच दोन वेळा आणि सात चार वेळा येतो : त्यांतील तीन सात ऊका, धञ्ञमास व अंगुल यांचे, चौथा यट्ठीचा. कोणतीही संख्या पुढे ठेवली तर ती कोणत्या शिडीवरून उतरली आहे, हे आता त्या तिच्यात सात किती वेळा आहे एवढे पाहून सांगतात. पुस्तिकेच्या प्रकाशकांना त्यांनी पत्र लिहिले आहे. सोळा हजारांची दुरुस्ती त्यांनी सुचविली आहे, आणि संख्येखालचे ते विधान गाळावे असेही त्यात लिहिले आहे.